न दाखवलेला चोर

घरात शिरला की तो आधी भिंतीवर तळहात टेकवायचा. मशीनकडे बघायचासुद्धा नाही. डोळे बारीक करून क्षणभर तसाच उभा राहायचा आणि मग अगदी खासगीतलं सांगतोय अशा थाटात, पण गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात जाहीर करायचा, "चोर घरातच हाय."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझ्या शेजारणीने कमरेची कपाटाची किल्ली चाचपली होती. तुम्हीही चाचपली असती.

आमच्या देवळाली प्रवरा गावातला हा एसी दुरुस्त करणारा. सगळे त्याला भाऊ म्हणत, मीही म्हणते. त्याच्या लेखी मशीन कधी बिघडत नसे, कुणीतरी गारवा चोरत असे. जळका जॉइंट, खारीने कुरतडलेली वायर, मशीनच्या सर्किट कार्डावर चिकटून मेलेली पाल, हे सगळे चोर. चोर पकडून मालकाला, मालकाच्या शेजाऱ्यांना आणि रस्त्याने जाणाऱ्या ओळखीच्या माणसांना दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. कापून काढलेले वायरचे तुकडे तो स्कूटरच्या हँडलला बांधायचा आणि त्याला मुद्देमाल म्हणायचा. बाजारातून त्याची स्कूटर गेली की ते तुकडे फडफडायचे आणि लोक विचारायचे, आज कोण सापडला.

तो नेहमी बरोबर असे असं मात्र समजू नका. स्टँडमागच्या एका घरात त्याने छातीठोकपणे भिंत फोडायला लावली, तर आत धडधाकट, नवीकोरी वायर. सगळे त्याच्या तोंडाकडे बघायला लागले. तो जराही ओशाळला नाही. म्हणाला, हा नुसता साथीदार हाय, म्होरक्या गच्चीवर हाय. आणि गंमत बघा, भिंत फुटल्याचा राग विसरून घरमालकच जिन्याने त्याच्या पुढे पळाला. भाऊ आला की माणसांना असं काहीतरी व्हायचं. बंद मशीनचं दुःख राहायचं बाजूला आणि घरादाराच्या अंगात शिकार संचारायची.

त्याचे आईवडील जामखेडकडचे, दरसाल ऊसतोडीला इकडे यायचे. त्याचं लहानपण उसाच्या फडाच्या कडेला, खोपीत गेलं. मग तो इथेच राहिला आणि हे काम शिकला. उन्हाची त्याला चीड होती. कुणाच्या घरी म्हातारं माणूस उकाड्यात बसलंय म्हटलं की हातातला घास टाकून यायचा.

आमच्या घरी ते म्हातारं माणूस म्हणजे माझे सासरे, नाना. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांच्या खोलीत एसी बसवला होता. त्या गेल्या आणि नाना त्याच खोलीत राहिले. उन्हाने त्यांना एकदा भोवळ आली होती, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की यांना गारव्यात ठेवा. आणि ऐन मे महिन्यात एसीने दगा द्यायला सुरुवात केली. चालता चालता गच्चीवरचं युनिट मुकाट बंद पडे, आतलं नुसतं वारं फेकी आणि त्याचा दिवा लुकलुकत राही. दुसऱ्या खोलीत झोपा म्हटलं तर नाना ऐकायचे नाहीत. भिंतीवर सासूबाईंचा फोटो होता. तिला एकटीला सोडून कुठे जाऊ, म्हणायचे. त्यातून भाऊला बोलावलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंचं वर्षश्राद्ध.

भाऊ आला. तळहात भिंतीवर.

"चोर घरातच हाय, वहिनी. आतलं मशीन बाहेरच्याला निरोप धाडतंय, चालू हो म्हणून. निरोप वाटंतच गायब हुतोय."

निरोप नेणारी वायर आमच्या भिंतीच्या पोटातून गच्चीवर जाते हे मला त्या दिवशी कळलं. मी पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवते. मापाला आलेल्या बायका माप विसरून भाऊच्या मागे जिन्याने वर गेल्या आणि मीही गेले, हातात कात्री तशीच. आधी त्याने खारींवर संशय घेतला. गच्चीवरची वायर वीत वीत तपासली, एकही दात उमटलेला नव्हता. मग कार्डावर. दुसरं कार्ड आणून लावलं, तेही निर्दोष सुटलं. आणि मशीन? मेकॅनिक दारात आला की मशीन सुतासारखं सरळ होतं, हा तुमचाही अनुभव असेल. मस्त गार हवा फेकत होतं. भाऊचे डोळे चमकायला लागले होते. चोर हुशार असला की त्याला फार आनंद व्हायचा.

आम्ही खाली खोलीत परतलो, पण नानांना आमच्या धावपळीचं काही नव्हतं. दुपारी फोटो पुसायची त्यांची वेळ झाली. ओल्या फडक्याने त्यांनी काच पुसली, चकाकती स्टीलची चौकट पुसली, मोगऱ्याची माळ घातली. वर गच्चीवरची घरघर थांबली.

भाऊने विचारलं, नाना, आत्ता काय केलंत? नाना संकोचून हसले. जे त्यांनी फक्त मला सांगितलं होतं ते त्याला सांगितलं.

"काय न्हाई रे. हिचा फोटो पुसला. आलीकडं हात लावला की बोटांला मुंग्या येतात. हाय ती हितंच. कळतं मला."

मला ते ऐकून दर वेळी भरून यायचं. भाऊच्या चेहऱ्यावरचा मात्र रंग उडाला. त्याने नानांच्या पायांकडे बघितलं. टाच दुखते म्हणून नाना घरात रबरी चपला घालायचे. देवासमोर काढायचे, सासूबाईंच्या फोटोसमोर नाही. तिच्यापुढं कसलं सोवळं, म्हणायचे.

"नाना, जरा भाईर बसा. धूळ उडंल," भाऊ म्हणाला. बायकांनाही त्याने बाहेर घालवलं. मग फोटो अलगद उतरवला आणि खिशातला टेस्टर काढून खिळ्याला लावला. टेस्टर पेटला.

तो खिळा तेराव्याच्या दिवशी नानांनी स्वतः ठोकला होता. कुणाला हात लावू दिला नव्हता. तो नेमका भिंतीतल्या वायरीत घुसला होता, आणि रोजच्या पुसण्याने सैल होत होत आता हलला की निरोप तोडत होता. चौकटीला मागून तारच बांधलेली, म्हणजे खिळ्यातली वीज थेट नानांच्या बोटांपर्यंत.

"उद्या श्राद्धाला ते आंगूळ करून हितं अनवाणी हुभे राहतील," भाऊ हळूच म्हणाला. "वल्या हातानं."

मी पलंगावर बसले. भाऊने जाऊन मेन स्विच पाडला आणि परत येऊन त्या खिळ्यासमोर उभा राहिला. बाहेर अर्धी गल्ली ताटकळत होती. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा चोर त्याच्या पुढ्यात होता आणि तो नुसता बघत होता. मी म्हटलं, नानांना सांगायला हवं.

"सांगू की. खिळा धोक्याचा हाय म्हणून सांगू," तो म्हणाला. "आन् मुंग्यांचं काय सांगायचं, वहिनी?"

मी उतरवलेला फोटो उचलून मांडीवर घेतला.

त्याने जुनी वायर अख्खी ओढून काढली. नवी वायर भिंतीत घातलीच नाही. पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीतून फोटोला लांबून वळसा घालून, दारावरून, खिडकीच्या कडेने गच्चीवर नेली. दिसायला ती पट्टी भयंकर दिसते. खिळा जिथल्या तिथे घट्ट बसवला, मेन चालू केला आणि टेस्टर पुन्हा पुन्हा लावून बघितला. फोटो परत टांगला. बाहेर येऊन गल्लीला सांगितलं की वायर म्हातारी झाली हुती, बदलली, चोर काय सापडला न्हाई. गल्लीचा विरस झाला. एक बाई तर म्हणाली की वायर कसली, भाऊच म्हातारा झाला. एरवी तिला त्याने भिंत फोडून दाखवली असती. त्या दिवशी तो हसला आणि भोक पडलेला तुकडा हँडलला न बांधता खिशात घालून गेला.

दुसऱ्या दिवशी तो न बोलावता आला आणि दाराशी उभा राहिला. नाना आंघोळ करून अनवाणी आले. ओल्या हातांनी माळ घातली. हात फोटोवर तसाच ठेवून उभे राहिले. मग वळले. लहान मुलाचं काहीतरी हरवावं तसं तोंड झालं होतं.

"आज मुंग्या न्हाई आल्या रे."

भाऊ पुढे झाला. "खोली गार झाली न्हवं, नाना. तुमी उकाड्यात तळमळत हुता, म्हणून त्यांचा जीव अडकला हुता. आता निवांत झाल्या."

नानांनी त्याच्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं आणि मान हलवली. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

पुढे भाऊने इथला धंदा आवरला आणि तो जामखेडकडे आपल्या गावी गेला. आता गल्लीत मशीन बंद पडलं की कंपनीचा माणूस येतो, मोबाईलकडे बघत काम करतो आणि जातो. कुणी जिन्याने धावत नाही.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. तेराव्याला भाऊ एसटीने आला, पिशवीत हातोडी घेऊन. नानांचा फोटो माझ्या हातात होता. त्याने भिंतीवर तळहात टेकवला आणि मी उगाचच कान टवकारले. सासूबाईंच्या शेजारची जागा चाचपून त्याने नवा खिळा ठोकला. मग सवयीने टेस्टर काढून आधी नव्या खिळ्याला लावला, नंतर जुन्या. दोन्ही वेळा पेटला नाही.

"दोघं बी निवांत," तो म्हणाला, आणि फोटोसाठी हात पुढे केला.