मखमलीची लव

शिवताना मखमल मशीनवर ठरत नाही, झोपाळलेल्या मांजरासारखी हळूच मांडीवरून खाली उतरते. बाल्कनीसाठी मी दोन पडदे शिवले, एक काचेवर, एक दारावर. कापड वाचावं म्हणून दाराचा पडदा उलटा फिरवून बेतला आणि तिथेच फसले. मखमलीची लव एकाच दिशेने निजलेली असते. त्यामुळे टांगल्यावर एक पडदा पिकल्या जांभळासारखा दिसू लागला आणि दुसरा ते जांभूळ पाण्यात धुतल्यासारखा फिका.

कापड तेच, ऊनही तेच. बघता बघता वाटलं, माणसाचंही असंच असेल. कुणाचा हात कुठल्या बाजूने फिरतो, त्यावर आपला रंग ठरत असेल.

तरी भानावर येऊन मी म्हणाले, "उसवायलाच हवा मेला!"

माझे सासरे, अप्पा, पडद्यांपाशी उभे होते. त्यांना आता उजेड तेवढा कळतो. त्यांनी दोन्ही पडद्यांवरून वरून खाली तळवा फिरवला.

"हा हाताला अडवतो गं."

"चुकलाय तो, अप्पा. दाराचा आहे."

"दाराचा? मग उसवू नकोस. आता दार शोधायला कुणाला हाक मारायला नको."

त्यांनी तो पडदा सारला, चाचपून कडी काढली आणि एकटेच बाहेर गेले. पडदा मागे हलत राहिला. त्याच्या उलट्या लवेवर अप्पांच्या तळव्याची वाट उमटली होती.