झडती आधी माझ्या घराची

ती घटना आठवली की आजही आधी देवापुढे हात जोडले जातात. नोकरीतली नव्हे, निवृत्तीनंतरची. तेव्हा मी जर्मनीत, झिंडेलफिंगेनला मुलाकडे राहत होतो. निवृत्त इन्स्पेक्टरला तिथे काम कसलं? नातवाला शाळेत सोडायचं आणि रिकाम्या बाटल्या रंग बघून कंटेनरमध्ये टाकायच्या.

एका शनिवारी सकाळी शेजारच्या रस्त्यावरच्या मराठी गृहस्थांचा फोन आला. आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडच्या गौरींचं विसर्जन झालं, आणि दागिने डब्यात ठेवताना एका गौरीची नथ सापडेना. त्यांच्या आईची, जुन्या मोत्यांची. दागिने उतरवले होते त्यांच्याच वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या मुलीने. विदर्भातली, इथे पीएचडी करणारी. संशय पक्का झाला होता. आधी तिच्या खोलीची झडती, मग वडिलांना फोन आणि खोली रिकामी. "इथले पोलीस, ती पोलिट्साय नको काका, तुम्हीच वदवून घ्या," म्हणाले.

चौकशीला बसण्यापूर्वी मी आयुष्यभर एकच मागत आलो. देवा, बुद्धी दे, माझ्या हातून निरपराध माणूस भरडला जाऊ देऊ नकोस. त्यांच्या घरी गेल्यावर देवघरासमोरही तेच पुटपुटलो.

मुलीला स्वयंपाकघरात बसवलं, दार उघडं ठेवलं, चहा दिला. खोटं बोलणारा न विचारलेलंही सांगत सुटतो, हा माझा अनुभव. ही एवढंच म्हणाली, "काका, मी मुखवटा हातात घेतला तेव्हा नथ नव्हतीच. वाटलं, घरच्या ताईंनी आधीच काढली." रडून डोळे सुजले होते, पण फिरवून फिरवून विचारलं तरी जबाब बदलला नाही.

बाहेर येऊन मी सांगितलं, झडती हवी ना, घेऊ. पण गौरीजवळ गेलेल्या प्रत्येकाची, आणि सुरुवात माझ्या घरापासून. कारण त्या गौरीच्या पदरातली ओटी माझ्या सुनेला मिळाली होती, दागिने उतरवण्याआधीच.

"अहो काका, तुमच्यावर कोण संशय घेतंय?" गृहस्थ चपापले.

"तेच तर चुकतंय," मी म्हणालो.

सगळे चालत आमच्या घरी आलो. ओटी अजून खणातच बांधलेली होती. सुनेला ती पंचांसमक्ष उघडायला लावली. नारळाशेजारी तांदळात नथ. मेणाने चिकटवलेली, सुटून खाली पडली असणार.

सून पांढरीफटक पडली. आधी बोलली ती मुलगीच.

"वहिनी, घाबरू नका. मेण सुटलं असेल. तुम्हाला कुठे माहीत होतं?"

यजमानीणबाईंनी तिथेच तिचे हात धरून माफी मागितली.

तिच्या खोलीची झडती घेतली असती तर काही मिळालं नसतं, पण पोरीवरचा डाग कायमचा राहिला असता. वेळेवर बुद्धी सुचली, ही देवाचीच कृपा. कोर्ट आरोपीला संशयाचा फायदा देतं. त्या मुलीला तो त्या घरात कुणीच द्यायला तयार नव्हतं, आणि माझ्या सुनेला तो तिने न मागता दिला. माझ्या घराची अब्रू त्या दिवशी तिने राखली. तिचे हे उपकार माझ्याच्याने फिटायचे नाहीत.