द्राक्षांची खोकी

हंगामात तासगावात नव्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कोरडा वास सुटला, की मला पंचाण्णव सालचं वाईच्या घाटावरचं शूटिंग आठवतं. आमचे हे आधी जत्रेत मौत का कुआमध्ये मोटारसायकल चालवायचे, मग सिनेमात हिरोच्या जागी उड्या मारायला लागले. पडद्यावर आम्हाला नेहमी त्यांची पाठच दिसायची. वाईला मात्र त्यांना गुंडाचं काम मिळालं होतं. दोन वाक्यं बोलायची आणि बुरुजावरून पडून मरायचं. पडणाऱ्याला झेलायला खाली रचलेली द्राक्षांची रिकामी खोकी आम्हीच टेम्पोनं नेली होती. हनुवटी छातीला लावून पडायची त्यांची सवय, त्यानं मान वाचते. तसे दोनदा पडले, तेव्हा दिग्दर्शक वैतागला, "अहो, चेहरा कुठंय?" पाण्याचा तांब्या देताना मी म्हटलं, "आवं, ऱ्हाऊ द्या, मान आतच घ्या." ते हसले. "कवा न्हाई ते त्वांड दिसनार हाय माजं." तिसऱ्यांदा त्यांनी चेहरा कॅमेऱ्याकडं केला. खोकी दबली, टाळ्या पडल्या, आणि ते उठलेच नाहीत. सिनेमात तोच शॉट ठेवला म्हणतात. मी बघितला नाही. तेव्हापासून ते खाटेवर उताणे आहेत. चेहरा दिवसभर समोर असतो, पाठ बघायला मात्र मला त्यांना कुशीवर वळवावं लागतं.