विरलेलं लुगडं

बारामतीच्या पेठेतला तो रंगारी जुन्या धोतरांना खळ लावून त्यांवर देव रंगवी. आधी कापड बोटांनी बराच वेळ चाचपी. पत्नी गेल्यावर मी तिचं लुगडं घेऊन त्याच्याकडे गेलो. तिची तसबीर नव्हती, म्हणून मी वर्णन सुरू केलं : कमळासारखे डोळे, चंद्रासारखा चेहरा.

"मास्तर, ही तर कुनीबी देवी झाली. वैनींना गोंदण कुठं हुतं?"

वीस वर्षांच्या संसारात मी ते पाहिलंच नव्हतं.

त्यानं लुगडं उजेडात धरलं. "डाव्या कमरंला इरलंय. घागर हितं घेत हुत्या."

आठवड्यानं त्यानं त्याच लुगड्यावर चित्र दिलं. विरलेल्या जागी घागर, आणि बाई पाठमोरी.

मी लगेच ओळखलं. पुस्तकातून मान वर करीपर्यंत ती नेहमी एवढीच दिसायची.