आईला घेऊन सर्फिंग क्लबात

मला जन्मापासून ऐकू येत नाही. आमच्या कळसाडी गावात माझ्यासारखं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून आईनेच माझ्यासाठी खुणा तयार केल्या. मिशीवर बोट म्हणजे वडील, नथीला हात म्हणजे आत्या. पुढे कर्णबधिरांच्या शाळेत मी सांकेतिक भाषा शिकले, पण ती आईपर्यंत पोहोचली नाही. दवाखान्यात, बाजारात, लग्नकार्यात माझ्या वतीने तीच बोलायची. तिच्या ओठांवरची अहिराणी मला वाचता येते आणि घरच्या चार खुणा होत्या, एवढ्यावर आमचं चाललं होतं.

आता मी शहाद्यात शिवणकाम करते. रविवारी बसस्टँडजवळ चहाच्या टपरीवर आसपासच्या गावांतले आम्ही कर्णबधिर जमतो. तिथे एका मैत्रिणीने मोबाइलवर गोव्याचा व्हिडिओ दाखवला. लाटेवर लांब फळी टाकून तिच्यावर उभं राहायचं, तो सर्फिंगचा खेळ. क्लब कर्णबधिरांचाच, शिकवणाराही कर्णबधिर. पोहायला मला काकांनी विहिरीत शिकवलं होतं, पाठीला रिकामा डबा बांधून. समुद्र मात्र कधी पाहिला नव्हता. आम्ही दोघींनी जायचं ठरवलं.

वडील नको म्हणाले. पाण्यात हिला हाक कोण मारणार, ही त्यांची काळजी. आई भाकरी थापत होती. तिने मान वर करून माझ्याकडे बोट दाखवलं.

"मी जास तिन्हासंगे."

मैत्रीण, आई आणि मी, अशा तिघी गोव्याला पोहोचलो. पहिल्या संध्याकाळी क्लबच्या ओसरीवर सगळे हातांनी बोलत होते. आई कोपऱ्यात बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. सगळे हसले की तीही हसायची, पण जरा उशिरा. ते उशिराचं हसू मी ओळखलं. लग्नांत मी तशीच हसत आले आहे. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि घरच्या खुणांनी एकेक गोष्ट तिला सांगू लागले.

सकाळी शिकवणाऱ्यांनी आधी वाळूवर फळी ठेवून, तिच्यावर पालथं पडून उठायचा सराव करून घेतला. केस पिकलेला, शांत माणूस. त्यांनी हातांनी सांगितलं, "सारखं मागे बघू नकोस. लाट फळीतून पोटाला कळते. कळली की ऊठ."

मी पुष्कळदा पडले. नाकातोंडात खारं पाणी गेलं. मग एकदा पोटाखाली फळी थरथरली आणि मी उठले. गुडघे वाकवून, हात पसरून, फेस विरेपर्यंत उभी राहिले. किनाऱ्यावर सगळ्यांनी दोन्ही हात वर करून पंजे फिरवले; आमच्या टाळ्या अशाच असतात. लुगडं खोचून आई पाण्यात उभी होती. आधी तिने मला बोलावल्यासारखा हात हलवला. मग बाकीच्यांकडे बघून तिनेही पंजे फिरवले.

रात्री जेवताना आईने मला मध्ये घालून शिकवणाऱ्यांना विचारलं, तुमच्या आईला ही भाषा कोणी शिकवली? तिचं बोलणं मी दुसऱ्याला सांगायची ही पहिलीच वेळ.

ते म्हणाले, "मीच. तेव्हा ती साठीची होती."

आईने हातातला घास ताटात ठेवला. मग माझ्याकडे वळली.

"मंग माले बी शिकाड."

आता ती रविवारी एसटीने शहाद्याला येते. कापूस वेचून तिची बोटं ताठ झाली आहेत, खुणा चुकतात. टपरीवरचे सगळे तिचे हात धरून सुधारतात आणि तिला त्याचं काही वाटत नाही. परवा तिने मला स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगितली, वडिलांची घोडी मांडवाजवळ कशी उधळली तिथपासून. घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मी ती पहिल्यांदा अख्खी ऐकली, आईच्या हातांतून.