आत्याची नाडी

गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात आत्या काजं-बटणं करायची. शाळेचे, दवाखान्याचे, पहारेकऱ्यांचे असे सगळे गणवेश शेवटी तिच्या टेबलावर यायचे आणि तिथून पुढे कुणाच्या तरी अंगावर चढायचे. सव्वीस वर्षं ती एकाच खिडकीपाशी बसली. मालक तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, पण तोही तिला आत्याच म्हणायचा. खरी आत्या मात्र ती एकीचीच होती, घारीची.

घारी ही तिच्या धाकट्या भावाची मुलगी. डोळे घारे म्हणून घारी. भाऊ ट्रकवर होता. बायको गेली तेव्हा सहा वर्षांच्या पोरीला बहिणीच्या दारात उभी करून तो म्हणाला, "दोन महिने सांभाळ." त्या दोन महिन्यांना आता सोळा वर्षं झाली होती. आधी तो वर्षातून एकदा यायचा, मग नुसता फोन यायचा, मग फोनही यायचा थांबला. आत्यानं त्याच्या नावानं कधी बोटं मोडली नाहीत. तिचा नवरा लग्नानंतर चार वर्षांतच गेला होता आणि पदरात मूल नव्हतं. "त्यानं दिली, मी घेतली," एवढंच ती म्हणायची.

बाई कष्टाळू होती, मायाळू होती आणि कमालीची हेकट होती. तिन्ही गुण सारख्याच मापाचे. तिनं एकदा म्हटलं की म्हटलं. आणि घारीचा तिच्या शब्दावर असा विश्वास, की पुस्तकात एक लिहिलंय आणि आत्या दुसरं म्हणते असं झालं, तर पोरगी आधी पुस्तकाची छपाई तपासायची.

अशी ही घारी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. घर दीड खोलीचं, त्यामुळे तिचा अभ्यास दोघींचा व्हायचा. कारखान्यातून सुटून आत्या घरी आली की तिची दुसरी पाळी सुरू. या पाळीत ती रुग्ण असायची. हात गळ्यात बांधून घ्यायची, डोक्याला पट्टी गुंडाळून घ्यायची आणि ती पट्टी तशीच ठेवून भांडी घासायला बसायची. रुग्ण पलंगावर असताना चादर कशी बदलायची, हे तर तिच्यावर किमान पन्नास वेळा झालं असेल. ती रुग्णही साधी नव्हती.

"आधी विचार तरी, बाई, चादर बदलू का म्हणून. मी काय गाठोडं आहे?"

पुस्तकात नेमकं तेच लिहिलेलं असायचं. घारी हसायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

ऐकून ऐकून आत्यालाही निम्मं पाठ झालं होतं. औषध देताना रुग्ण योग्य हवा, औषध योग्य हवं, मात्रा, मार्ग आणि वेळ योग्य हवी, हे ती बटणं लावता लावता पुटपुटायची. कारखान्यात कुणी चुकून दुसऱ्याचा चहा उचलला की तिचा आवाज यायचा, "योग्य रुग्ण, योग्य औषध." शिलाईवाल्या बायका म्हणायच्या, परीक्षेला आत्यालाच बसवा, पोरगीला आराम मिळेल.

पण हसण्यावारी नेण्यासारखं सगळं नव्हतं. आदल्या वर्षी घारी लेखी परीक्षेत चांगली पास झाली आणि प्रात्यक्षिकात नापास झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी तिला एका रुग्णाची नाडी मोजायला सांगितली. घारीचे हात असे थरथरायला लागले, की बोटांना लागतेय ती रुग्णाची नाडी की आपलीच धडधड, तेच तिला कळेना. शेवटी तिनं मनानंच एक आकडा लिहिला. परीक्षक बाईंनी स्वतः मोजलं, तर चौदा ठोक्यांचा फरक. त्या रागावल्या नाहीत. "मशीन बंद पडलं तर तुझ्या रुग्णानं काय करायचं?" एवढंच त्यांनी विचारलं. तो प्रश्न घारी वर्षभर घेऊन फिरत होती. आता ही दुसरी आणि शेवटची संधी होती. हुकली, तर अख्खं वर्ष पुन्हा पहिल्यापासून करायचं.

म्हणून परीक्षेची सुट्टी लागली तशी घारी रोज संध्याकाळी आत्याचं मनगट हातात घ्यायची. तीन बोटं ठेवायची, अंगठा लावायचा नाही, कारण अंगठ्याला स्वतःचा ठोका असतो. घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट मोजायचं आणि वहीत लिहायचं.

आता जी गोष्ट आत्यानं कुणालाच सांगितली नव्हती, ती सांगायला हवी. सुट्टी लागायच्या थोडंच आधी कारखान्याच्या जिन्यात तिला घेरी आली होती. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी नाडी बघितली, छातीला वायरी लावून ठोक्यांची कागदी पट्टी काढली आणि म्हणाले, "ठोके अनियमित पडताहेत. मोठ्या दवाखान्यात दाखवा, उशीर करू नका. अशानं रक्ताची गुठळी होते, ती मेंदूकडे गेली तर एक बाजू लुळी पडते."

"परीक्षा झाली की जाते," आत्या म्हणाली.

"परीक्षा तुमची आहे का?"

"माझीच म्हणायची."

तिचा हिशेब सरळ होता. पोरीला कळलं तर ती पुस्तकं मिटून दवाखान्याच्या बाकावर येऊन बसेल. सोळा वर्षं जी पोर आपली म्हणून वाढवली, तिच्या पायात आपणच कसं यायचं? दोन महिन्यांचा तर प्रश्न. मला विचाराल, तर तिला भीतीही वाटत होती. मोठ्या दवाखान्यात गेलं की माणूस आजारी होतं, तोवर ते नुसतं दमलेलं असतं, असं मानणाऱ्यांपैकीच ती होती.

पहिल्याच आठवड्यात घारीच्या कपाळाला आठी पडली. "आत्या, तुझी नाडी मध्येच चुकतेय गं. दोन ठोके लागोपाठ येतात, मग एक येतच नाही."

आत्यानं मनगट सोडवून घेतलं नाही. चेहराही बदलला नाही. "माझी कुठली चुकायला? कारखान्यात मागेच तपासणी झाली सगळ्यांची. डॉक्टर म्हणाले, नाडी एकदम ठणठणीत. तुझंच मोजणं चुकतंय. लक्ष कुठं असतं?"

ही थाप तिनं इतक्या सहज मारली, की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. घारीनं मान खाली घातली आणि पुन्हा मोजायला घेतलं.

त्या दिवसापासून पोरीच्या वहीत आकड्यांचा गोंधळ सुरू झाला. एकदा चौऱ्याहत्तर, लगेच पुन्हा मोजलं तर ब्याण्णव, मग एक्क्याऐंशी. स्वतःची मोजली की बरोबर यायची. "पण स्वतःची काय, ती आतूनच कळते," असं म्हणून ती तेही उडवून लावायची. एकदा म्हणाली, शेजारच्या काकूंची मोजून बघते. आत्यानं ताबडतोब मोडता घातला. "त्यांना कशाला त्रास? मी मेलेय का?" कॉलेजातल्या मैत्रिणी सुट्टीला आपापल्या गावी पांगल्या होत्या. वॉर्डात असताना तर बोटाला चिमटा लावला की मशीनच आकडा दाखवायचं. तेव्हा घारीच्या हाताशी मनगट होतं ते एकच.

आत्याला वाटत होतं, आठ-पंधरा दिवसांत पोरगी नाडीचा नाद सोडेल आणि दुसऱ्या धड्याकडे वळेल. पण झालं भलतंच. घारी जेवताना स्वतःच्या बोटांकडे बघत बसायला लागली. ज्या पट्ट्या डोळे मिटून बांधायची, त्या बांधताना विचारायला लागली, "बरोबर आहे ना गं?" इंजेक्शनच्या मात्रेचं साधं गणित तीनतीनदा करायला लागली. आत्या हे सगळं बघत होती. उसवण एका जागी सुरू झाली की कुठवर जाते, हे कारखान्यात तिच्याइतकं कुणाला माहीत? तरी ती गप्प राहिली. आता एकच महिना, आता पंधराच दिवस, असं मनाशी म्हणत राहिली.

प्रात्यक्षिकाला आठवडा उरला असताना घारी हॉलतिकीट आणायला कॉलेजात गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. आत्या नुकतीच कामावरून येऊन पाय धुत होती.

"हॉलतिकीट कुठंय?"

"नाही घेतलं. मॅडमना लिहून दिलं, मी बसत नाही म्हणून." घारीचा आवाज अगदी शांत होता. तिनं याचा विचार पुष्कळ दिवस केलेला होता. "आत्या, जिला साधी नाडी मोजता येत नाही, तिनं कुणाच्या उशाशी उभं राहू नये. परीक्षेत एकदा खोटा आकडा लिहिला, तो लिहिला. नोकरीत नाही लिहायचा. तू मला कारखान्यात घे. बटणं लावीन."

आत्या ओल्या पायांनीच मोरीच्या कडेवर बसली. मग तिनं हात पुढे केला.

"मोज."

"नको आता."

"मोज म्हणते ना. तुझं बरोबर होतं, घारे. पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. माझीच नाडी चुकतेय. डॉक्टरांनी सांगितलंय मला."

घारीनं हात धरला नाही.

"कधी सांगितलं?"

"तुझी सुट्टी लागायच्या आधी."

"आणि मी रोज मोजत होते."

"तू परीक्षा सोडशील म्हणून गप्प बसले गं."

"सोडलीच ना मी," घारी म्हणाली.

घारी रडली नाही, आवाजही चढवला नाही. "तू आजार लपवलास, त्याचं मी काही म्हणत नाही," ती म्हणाली. "सगळीच माणसं लपवतात, आमच्या पुस्तकातही आहे ते. पण तू मला सांगितलंस की माझी बोटं खोटी आहेत. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर मी मानलं नसतं."

मग ती आत्यासमोर उकिडवी बसली, तीन बोटं मनगटावर ठेवली आणि घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट मोजलं. आकडा बोलली नाही. "उद्या सकाळी आठला निघायचं," एवढंच म्हणाली. आत्यानं नुसती मान हलवली.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंना घारीनं सगळं सांगितलं, ठोके कसे पडतात, केव्हापासून, घेरी कधी आली. त्यांनीही ठोक्यांची पट्टी काढून बघितली आणि आत्याला ठेवून घेतलं. नशीब, गुठळी झालेली नव्हती. रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली. चार-पाच दिवस देखरेखीखाली राहावं लागेल म्हणाल्या. इकडे कॉलेजातल्या मॅडमनी घारीचा अर्ज पुढे पाठवलाच नव्हता. टेबलाच्या खणात टाकून ठेवला होता आणि पोरगी परत येईल म्हणून वाट बघत होत्या. शिक्षकांतही अशी माणसं असतात.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी घारी कॉटपाशी येऊन उभी राहिली. "मी इथंच थांबू का?"

आत्याच्या जिभेवर शंभर वाक्यं आली. ती सगळी तिनं गिळली. "तुझं तू ठरव," ती म्हणाली. "मी सांगितलं की काय होतं, ते दोघींनीही बघितलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी घारी गणवेश घालून आली, आत्याच्या उशाशी पाण्याची बाटली भरून ठेवली आणि परीक्षेला गेली. ती पास झाली, हे इथंच सांगून टाकतो, कारण आत्याला ते कळायला पुढे दीड महिना लागला. त्या सकाळी तिला काहीच ठाऊक नव्हतं. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पडून होती. दहा वाजले, आता पहिल्या मुलीला बोलावलं असेल. सव्वादहा झाले. या वेळी घारीच्या हाताखाली कुणाचं मनगट असेल, बाई असेल की बाप्या, त्याची नाडी तरी सरळ असू दे, असं ती मनातल्या मनात घोकत होती.

तेवढ्यात एक शिकाऊ मुलगी ट्रे घेऊन आली. पहिल्या वर्षाची असावी, गणवेशाची घडीसुद्धा मोडली नव्हती. मशीन दुसऱ्या कॉटला लावलेलं होतं, म्हणून तिनं आत्याचं मनगट धरलं. अंगठा बाजूला, तीन बोटं वर. मोजलं. थांबली. पुन्हा मोजलं. तिच्या कपाळाला आठी पडली आणि तिनं हळूच टेबलापाशी बसलेल्या सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर फोनवर होत्या. मुलीनं तक्ता उचलला, रात्रपाळीनं लिहिलेला आकडा बघितला आणि तोच खाली उतरवायला पेन टेकवलं.

"ते नको लिहू," आत्या म्हणाली.

मुलगी दचकली. "काकू, मला नीट मोजता येत नाहीये. मी नवीन आहे."

"येतंय तुला. तुझं काही चुकत नाहीये, माझी नाडीच तशी आहे." आत्यानं हात पुन्हा तिच्या पुढे केला. "अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नकोस. पूर्ण मिनिट मोज. येईल तो आकडा लिही, आणि ठोके चुकतात तेही लिही. कुणी काही म्हणालं, तरी खोडू नकोस."

मुलीनं मोजलं, आत्यानं श्वाससुद्धा जपून घेतला. आकडा तक्त्यावर उतरला, त्याच्यापुढे दोन शब्दही उतरले. मुलीचा चेहरा सैल झाला.

"तुम्हाला एवढं कसं माहीत? तुम्ही नर्स होतात का?"

"नाही गं, मी बटणं लावते," आत्या म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "माझी पोरगी आहे नर्स. तिनं माझी नाडी दोन महिन्यांपूर्वीच ओळखली होती. मीच तिला रोज खोटं पाडत होते."