शेजारच्या गाडीचं गिऱ्हाईक

सांगलीत आमच्या शेजारी एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांच्या सात माणसांच्या जुन्या, उंच गाडीला गिऱ्हाइकं येत, आणि ते स्वतःच गाडीला नावं ठेवून त्यांना परत पाठवत. बोलताना समोरच्याकडे न बघता बॉनेट पुसत राहायची त्यांना सवय. या गाडीनं कधीतरी कुणाला उडवलं असावं, असा मला दाट संशय होता.

एका सकाळी ते इकडंतिकडं बघत बॅटरीची वायर सोडवताना दिसले. मी कुंपणाशी गेलो.

"आमचं पुण्याचं पोरगं ही गाडी इकायला बसलंय," ते हळूच म्हणाले. "त्येच्या नव्या बुटक्या गाडीतनं माझ्या बायकुला उठता येत न्हाई. गुडघं धरल्यात. ह्या उंच गाडीतनं पाय खाली सोडला की ती उभी ऱ्हाती. ही गाडी गेली तर जतला भैनीकडं जायाचं बंद करंल, घरातच बसंल."

मला ते पुरतं पटलं नाही. तेवढ्यात मुलगा गिऱ्हाईक घेऊन आला. गाडी काही सुरू होईना. गिऱ्हाइकानं मलाच विचारलं, "रोज चालू हुती का?"

त्यांच्या पत्नी भिंत धरून ओसरीवर येत होत्या.

"नाही," मी म्हणालो, "ढकलावी लागते."

गिऱ्हाईक निघून गेलं.

"आवं, तुमी लय सफाईनं खोटं बोलता," शेजारी म्हणाले. त्यानंतर आमचं बोलणं वाढलं, पण माझ्या कुठल्याच शब्दावर त्यांनी पुन्हा चटकन विश्वास ठेवला नाही.